मागे राहिलेल्यांची वाट

लोकांनी मेंढीला आधी ताटातून उठवलं, मग डोंगरावरून. आणि तेच लोक आता विचारतात, कुरणं इतकी ओकीबोकी का?

फार जुनी नाही ही गोष्ट. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या डोंगरात ऐटर नावाच्या मेंढपाळाचा मोठा कळप होता. पहिलं हिम पडलं की गळ्यात घंटा बांधलेली म्हातारी मेंढी पुढे आणि पेयो नावाचा राखणदार कुत्रा मागे, अशी सारी मेंढरं खाली गोठ्यात यायची. पुढे कोकराचं मटण कुणी मागेना, तेव्हा ऐटरने कळप विकून टाकला. म्हातारी तेवढी राहिली, कारण तिला गिऱ्हाईकच मिळालं नाही.

त्या वर्षीही हिम पडलं आणि पेयो तिला आणायला वरच्या कुरणात गेला. उतरताना प्रत्येक वळणावर तो थांबून मागे बघत होता.

"कुणाची वाट बघतोस, बाळा?" म्हातारीने विचारलं.

"कोकरं मागे रेंगाळतात ना, आजी."

"कोकरं आता कुणी खात नाही रे. म्हणून ती जन्मतही नाहीत."

"मग खाल्लं जाणं बरं होतं का?"

म्हातारी पुढच्या वळणावर वळली. "बरं कसं असेल? माझी किती कोकरं गेली. पण वसंतात ही टेकडी उड्या मारायची."

गोठ्याशी आल्यावर म्हातारी आत गेली, पेयो मात्र उंबरठ्यातच आडवा पडला. ऐटर दार लावायला आला तरी तो हटेना.

"लावा की दार, गारठा येतोय," गाय कुरकुरली.

"राहू दे थोडा वेळ उघडं, मागे राहिलेल्या कोकरांची वाट बघतोय तो," दांडीवरची कोंबडी म्हणाली. "आज लोकांच्या ताटात तू आणि मी आहोत, म्हणून आपली घरं भरलेली आहेत, बाई."