पैठणी कुणाच्या बॅगेत

आत्याने लेकीच्या, शाल्मलीच्या लग्नासाठी तिला दोन पैठण्या घेतल्या आणि मला रुमालांचं पाकीट दिलं. मी जळले, लपवू कशाला?

विमानतळावर शाल्मलीची बॅग दोन किलो जास्त भरली. जादा पैसे वाचवायला आत्याने पैठण्या माझ्या हलक्या बॅगेत कोंबल्या. काउंटरवरच्या माणसाने मला विचारलं, "बॅगेत दुसऱ्या कुणाचं काही?"

"सगळं माझंच आहे, असं सांग गं!" आत्या मागून कुजबुजली. मी तसंच सांगितलं.

इंदूरला शाल्मलीच्या सासरचे घ्यायला आले होते. त्यांच्यासमोरच आत्याने हात पुढे केला, "आण त्या पैठण्या."

मी मोठ्याने म्हटलं, "आत्या, म्हणजे तू मला खोटं बोलायला लावलंस?"

"छे गं, खोटं कसलं!" विहीणबाईंकडे बघत आत्या घाईने हसली.

हळदीला त्या दोनांतली मोरपंखी पैठणी मी नेसले.