परत आलेला पाव

“आणखी काय घालू, अण्णा?” सुहेलनं विचारलं.

अण्णा लाटकर त्याचा बायोडाटा वाचत होते. पान एकच होतं, पण वाचायला घेऊन वीस मिनिटं झाली होती.

मिरजेतल्या आमच्या वाचनालयात अण्णा रोज दुपारी येतात. एकतीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात होते. लोकांचे कर्जाचे प्रस्ताव वाचायचे आणि मंजूर करावेत की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. आता कॉलेजची मुलं नोकरीचे अर्ज घेऊन येतात, ते वाचतात. एक पैसा घेत नाहीत. मी इथली ग्रंथपाल. मला हा प्रकार फारसा आवडत नाही, कारण मुलं बोलत बसतात आणि पेपर वाचणारी मंडळी माझ्याकडे डोळे वटारून बघतात. पण अण्णांना सांगणार कोण?

सुहेल पटवेगार बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. पुण्याच्या एका फायनान्स कंपनीत उन्हाळ्याची इंटर्नशिप निघाली होती आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचची होती. त्याआधी त्यानं चोवीस ठिकाणी अर्ज केले होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. अब्बांची बेकरी होती, आणि हेही हुकलं तर जूनपासून बेकरीत बसायचं असं घरात ठरलं होतं. ते त्याला नको होतं, असं त्यानं आल्या आल्या मलाच सांगून टाकलं.

तरी ऐट काही कमी नव्हती. बायोडाटा तसा चांगलाच आहे, फक्त जरा चमकवून द्या, म्हणाला. सिनियरचा फॉरमॅट आहे, आणि तो सिनियर आता मुंबईत मोठ्या पगारावर आहे म्हणे.

अण्णांनी पिशवीतून इतर मुलांच्या बायोडाटांचे आणखी चार कागद काढले आणि सुहेलच्या कागदाशेजारी मांडले. चौघांची नावं दुमडून झाकलेली होती.

मग प्रत्येक कागदावर एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. मी काउंटर सोडून बघायला गेले, खोटं कशाला बोलू.

पाचही कागदांवर तीच ओळ. कॉलेजच्या गुंतवणूक क्लबचा अध्यक्ष, चाळीस सदस्यांचं नेतृत्व. कॉलेज एकच आणि वर्षही एकच.

“यातला अध्यक्ष कोण?”

सुहेलनं पाचही कागद पुन्हा वाचून पाहिले.

मग हळूच म्हणाला, की ती ओळ फॉरमॅटमध्ये आधीपासूनच होती. क्लबची सभा वर्षात एकदाच झाली, आणि तो गेला होता तो समोसे होते म्हणून.

मला हसू आलं. अण्णांना आलं नाही.

त्यांनी सांगितलं, की प्रस्तावात दहा यंत्रं लिहिलेली असली, तरी मंजुरीआधी ते स्वतः कारखान्यात जाऊन यायचे. कळवून जायचे नाहीत. कधी दहाची सहा निघायची, कधी सहातली दोन बंद असायची.

“आता मी तुझ्याकडे आलोय. दाखव.”

सुहेलनं लॅपटॉप उघडला. ‘फायनान्शियल मॉडेलिंग’ या ओळीसाठी जी फाइल दाखवली, तिच्यावर त्या सिनियरचंच नाव होतं. ‘शेअर बाजाराचा सखोल अभ्यास’ म्हणजे मोबाइलवर एक ॲप होतं. ‘जागतिक अर्थकारणाची आवड’ या ओळीला अण्णांनी विचारलं, या आठवड्यात काय वाचलंस? तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला.

अण्णा रागावले नाहीत. दरवेळी पेन्सिलनं एक बारीक रेघ मारायचे आणि पुढच्या ओळीवर जायचे. साडेतीनपर्यंत एकवीस ओळींतल्या एकोणीस गेल्या. उरलं काय, तर शिक्षण आणि एक्सेल येतं एवढंच.

आता पोराचा आवाज चढला. सगळी मुलं असंच लिहितात, म्हणाला. मी एकट्यानं हरिश्चंद्र होऊन स्वतःचं वाटोळं का करून घेऊ? वाचणाऱ्यांनाही ठाऊक असतं की सगळे असंच लिहितात.

खरं सांगते, मला त्याचं पटलं. पंचवीस अर्ज करायचे म्हणजे काही गंमत नाही.

“चोवीस ठिकाणी हाच पाठवलास ना?” अण्णा म्हणाले.

…

सुहेल लॅपटॉप मिटायला लागला. अण्णांनी झाकणाखाली हात घातला. पडद्याच्या कोपऱ्यात एका फाइलचं नाव दिसत होतं, नुसतंच ‘पाव’.

हे काय, त्यांनी विचारलं. काही नाही, घरचं आहे, म्हणाला. अण्णांनी हात काढला नाही, तेव्हा नाइलाजानं उघडली.

त्यांच्या बेकरीतून रोज सकाळी बत्तीस दुकानांत पाव जातो. विकला गेला नाही तो दुसऱ्या दिवशी परत येतो. कुठल्या दुकानातून, कुठल्या वारी, किती लाद्या परत आल्या, ते सुहेलनं तीन महिने लिहून ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. मैद्याच्या पोत्यावर बसून मोबाइलवर लिहायचा. मग त्यावरून कुठे, कुठल्या दिवशी किती पाव पाठवायचा ते अब्बांना काढून दिलं. रोज नव्वद लाद्या परत यायच्या, त्या तीसवर आल्या.

अण्णा बराच वेळ ते रकाने वरखाली करत राहिले. त्यांचा चहा गार झाला.

“हे का नाही लिहिलंस?”

“फायनान्सवाल्यांना पाव काय सांगायचा, अण्णा?”

एवढं बोलला आणि त्याचे कान लाल झाले. बेकरीची लाज वाटते हे आपण चारचौघांत बोलून बसलो, हे त्याच्या लक्षात आलं असावं. बिचाऱ्याला कुठे बघावं कळेना.

अण्णांनी तो विषय वाढवला नाही. विचारलं, “यात कधी चुकलास?”

सुहेलनं मान हलवली. नाही म्हणायला हलवली, मग थांबला…

“उरुसात,” तो म्हणाला.

मग सगळं सांगितलं. त्याच्या तीन महिन्यांच्या आकड्यांत उरूस आलाच नव्हता. त्यामुळे उरुसाच्या आठवड्यातही त्यानं दर्ग्याच्या रस्त्यावरच्या दुकानांना नेहमीइतकाच पाव काढला. अब्बा म्हणत होते, जास्त लागेल. यानं लॅपटॉप पुढे केला आणि आकडे बघा म्हणाला. सकाळी नऊलाच पाव संपला. गाव माणसांनी फुललेलं आणि दुकानदार बेकरीच्या दारात येऊन अब्बांना नाही नाही ते बोलले.

“मिरजेत जन्मलो मी. आणि उरूस विसरलो.”

अब्बांनी त्या दिवशी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मुलाला मात्र एका शब्दानं काही बोलले नाहीत. हे त्यानं लॅपटॉपकडे बघतच सांगितलं. मी उगाचच जवळच्या मासिकांची चवड सारखी करायला लागले.

त्यानंतर त्यानं नवा रकाना केला. उरूस, रमजान, गणपती, दोन्ही ईद, कॉलेजच्या सुट्ट्या. आणि शेवटचा एक रकाना, अब्बा काय म्हणतात त्याचा.

अण्णा तो शेवटचा रकाना वाचत होते. चेहऱ्यावर इतका आनंद, की मी एवढ्या वर्षांत पाहिला नव्हता.

“हे लिही. चुकीसकट.”

चूक लिहिली तर दारातही उभं करणार नाहीत, सुहेल म्हणाला. कडवटपणे म्हणाला, आणि त्यात भीतीच जास्त होती.

“ज्या प्रस्तावात कधीच तोटा नसायचा,” अण्णा म्हणाले, “त्यालाच मी भ्यायचो.”

…

सव्वाचार झाले होते. सुहेल लिहायला बसला. मध्ये दोनदा त्यानं अण्णांकडे शब्द मागितला, भारदस्त असा. अण्णांनी दिला नाही. जसं मला सांगितलंस तसंच लिही, एवढंच म्हणाले. बत्तीस दुकानं, नव्वदच्या तीस लाद्या, उरुसाची चूक आणि नंतर काय बदललं. चार ओळी झाल्या.

पाचाला दहा कमी असताना त्याच्यापुढे दोन फाइली होत्या. एकीत एकवीस ओळी होत्या आणि दुसरीत सहा.

तो उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. दोन्ही फाइली उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. एक शब्द बोलायला काय जात होतं त्यांचं, असं वाटून माझाच जीव वरखाली व्हायला लागला. पोराचं अख्खं वर्ष पणाला लागलं होतं.

पाचाला चार कमी असताना त्यानं सहा ओळींचा पाठवला.

मग हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहिला. चेहरा पार उतरला होता.

“अर्धं पान मोकळंच गेलं, अण्णा.”

अण्णांनी पेन्सिल खिशात ठेवली. पिशवी उचलली…

“असू दे. प्रश्न विचारणाऱ्यालाही बसायला जागा लागते.”