शेवटची करवंटी

चिमाकडे दोन झगे होते. एक निळा अंगावर, एक दोरीवर. दोरीवरचाही कधीकाळी निळाच होता. बाबा समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून चिमा आणि तिची आये दोघीच उंडीबेटावर राहायच्या. बेटावर येणाऱ्या पाहुण्यांचे तंबू आये राखायची, त्यांना चुलीवरचा भात रांधून घालायची. गरीब होत्या दोघी. पण गरीब म्हणजे रडक्या नव्हेत, हे आधीच सांगून ठेवते.

आणि बेट तरी कसं! सगळीकडे हिरवंगार रान. उंडीची पांढरी फुलं, केवड्याचा वास, सुरूच्या झाडांची सळसळ. त्या झाडांखाली लाल, पिवळे, जांभळे तंबू, जणू कुणी फुलंच उलटी ठेवलीत. समोर चमचमणारा समुद्र, आणि वाळूला लागून, खडकाच्या कुशीत एक इवलासा झरा. चारी बाजूंना खारट पाणी, मधे हा एवढासा गोड.

त्या झऱ्याची रीत होती. पाणी नारळाच्या करवंटीनंच काढायचं. एक करवंटी काढायची, थांबायचं, झरा भरू द्यायचा, मग दुसरी. आणि शेवटची करवंटी घरी न्यायची नाही, झऱ्यातच परत ओतायची.

"का गं आये?" चिमानं एकदा विचारलं होतं.

"ज्यानं सगळ्यांना पाजलं, त्याला कुणी पाजायचं?" आये म्हणाली. "शेवटची त्याची."

एके दिवशी होडीतून मंदारकाका आले. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. बरोबर त्यांची छोटी लेक ओवी, एक फुगवायचा गुलाबी टब आणि एक घुर्र घुर्र करणारा पंप.

"काका, पंप नका लावू," चिमा म्हणाली. "करवंटीनं काढायचं असतं."

"करवंटीनं टब भरायचा? अगं, तोवर ओवीचं लग्न होईल!" काका खो खो हसले. आये रानात लाकडं आणायला गेली होती. पंप घुरघुरला. टब भरला, बादल्या भरल्या, ओवी डुंबली, काकांनी चपलासुद्धा धुतल्या. चपला! मग काकांनी पेलाभर पाणी तोंडाला लावलं, आणि फूऽऽ करून थुंकले.

झरा खारट झाला होता, बादल्यांतलं पाणीसुद्धा. गोड पाणी ओरबाडून काढलं, तसा समुद्र आत शिरला.

"असल्या बेटावर कोण राहणार?" काका ओरडले. "उद्याच्या होडीनं आम्ही निघालो. सगळ्यांना सांगतो, इकडे येऊ नका!"

आये लाकडं घेऊन आली, झऱ्याचं पाणी चाखलं आणि घराच्या दारात येऊन बसली. "झरा गेला तर पाहुणे गेले, चिमे. उद्या आपल्यालाही निघावं लागेल गो."

"आपलं बेट सोडून?"

आयेनं मडकं पुढे ओढलं. मडक्यात सकाळचं दोन घोट पाणी उरलं होतं. ते तिनं चिमाच्या करवंटीत ओतलं. चिमानं अर्धं आयेला पाजलं आणि उरलेला घोट घेऊन ती झऱ्याकडे धावली.

तिथं कुणीतरी शिंकत होतं. आक्छी! आक्छी!

दगडावर करंगळीएवढी परी बसली होती. पंख मासळीच्या खवल्यांसारखे रुपेरी, केस शेवाळासारखे हिरवे, पण अंगभर मिठाचे पांढरे कण.

"फार तहान लागलीय गं," परी म्हणाली.

चिमाचा स्वतःचा घसा कोरडा पडला होता. तरी तिनं तो शेवटचा घोट परीच्या अंगावर अलगद ओतला. मीठ विरघळलं. पंख झळाळले. निळे, हिरवे, सोनेरी!

"मी गोडी," परी हसली. "या झऱ्यातली परी. तीन मागणी माग. पण नेम आहेत हं. मागणं या करवंटीत मावेल एवढंच हवं. आणि सूर्य पाण्याला टेकायच्या आत मागायचं."

"मग झरा गोड कर!"

"झरा करवंटीत मावतो का गं, वेडाबाई?"

चिमा विचार करतेय तोच तंबूतून ओवीचं रडणं आलं. "पाणी... बाबा, पाणी..." चिमा झटकन म्हणाली, "करवंटीभर गोड पाणी दे!" करवंटी काठोकाठ भरली. चिमानं ती दोन्ही हातांनी जपत नेली. ओवी गटगट प्यायली, तिचे गाल पुन्हा गुलाबी झाले.

हे पाणी आलं कुठून म्हणून काका धावत झऱ्याकडे निघाले, अनवाणी! आणि खडकावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी त्यांचा पाय कापला. "आई गंऽऽ!" एवढा मोठा माणूस एका पायावर नाचायला लागला. मी असते तर म्हटलं असतं, भोग आता! पण चिमा माझ्यासारखी नव्हे. तिनं गोडीकडे करवंटीभर औषधी तेल मागितलं आणि काकांच्या पायाला चोळलं. ठणका थांबला.

"मी तुझा झरा नासवला, आणि तू..." काकांचा मोठा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

सूर्य लाल लाल होऊन खाली आला होता. पाण्यापासून बोटभरच वर.

"एकच उरलं," गोडी म्हणाली. "दोन्ही दुसऱ्यांना दिलीस. आता तुझ्यासाठी माग. रुपेरी पैंजण मावतात हो करवंटीत!"

गोडीनं चिमाच्या मनातलं बरोबर ओळखलं. रानातून पळताना छुमछुम वाजावं, असं तिला कितीदा वाटलं होतं! तिची पावलं आपोआप थिरकली. तिनं तोंड उघडलं, मिटलं. झऱ्याकडे पाहिलं.

"ही शेवटची करवंटी ना?"

"शेवटची."

"मग ती माझी नाही. झऱ्याची आहे. गोड पाणी दे."

करवंटी भरली. चिमानं ती हळूच झऱ्यात ओतली. "घे रे बाबा. सगळ्यांना पाजलंस, आता तू पी."

त्याच क्षणी सूर्य पाण्याला टेकला.

बुड् बुड् बुड्! तळातून मोत्यांसारखे बुडबुडे आले. खारट पाणी फेसाळत समुद्राकडे पळालं, आणि झरा आरशासारखा लख्ख झाला. आये धावत आली, तिनं चाखलं. "गोड! चिमे, गोड गो!"

"शेवटचं मागणं आजवर मला कुणी परत दिलं नव्हतं," गोडी म्हणाली. "अर्धी झाले होते, पुरी केलीस." तिचे पंख लाल, केशरी, सोनेरी होत गेले, आणि लखलखत्या उजेडात ती विरघळून गेली.

चिमानं खाली पाहिलं. दोन्ही पावलांभोवती इटुकल्या शिंपल्यांचे पैंजण! एक पाऊल टाकलं. छुम!

दुसऱ्या दिवशी होडी आली आणि रिकामीच परत गेली. मंदारकाका गुडघे टेकून झऱ्यापाशी बसले होते, हातात करवंटी.

"काढू?"

"थांबा काका. भरू दे."

"आता?"

"तुम्हाला भारी घाई बाई!" चिमा म्हणाली, तशी आये पदर तोंडाला लावून हसली.

ओवी गुलाबी टबात डुंबत होती. पाणी समुद्राचं होतं हं. पंप पोत्यात बांधून ठेवला होता. आणि काकांनी शेवटची करवंटी भरली, तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं, आणि ती झऱ्यातच परत ओतली.

माझी गोष्ट सरली, तुमची करवंटी भरली. प्या पोटभर. तेवढा शेवटचा घोट मात्र मागे ठेवा.