पणजीचा रुसवा

चंद्राक्का पणजीची आठवण निघाली, की घरात अजून हीच गोष्ट निघते.

नवरदेवाच्या मामाला आपल्याआधी फेटा बांधला, म्हणून वरबाप दत्ताजीराव मांडवात रुसून बसले. "मोठ्याचा मान आधी! मी जेवणार नाही."

नवरीचा बाप सोपान विनवण्या करून मेटाकुटीला आला. भात निवत चालला. तेवढ्यात त्याची आजी चंद्राक्का येऊन व्याह्यांशेजारीच फतकल मारून बसली.

"आता तुला काय झालं?" सोपान वैतागला.

"मीही रुसले. इथं सगळ्यांत मोठी मी, तेव्हा आधी माझी समजूत काढा. व्याह्यांनीच मला हाताला धरून पंगतीला न्यावं."

सगळा मांडव बघत होता. दत्ताजीरावांनी मुकाट्यानं हात दिला. पानावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "आक्का, गेला का राग?"

"जाईल की. आधी तुम्ही घास घ्या."