रेघेवरचा चेंडू

जंगलात बेसबॉल नवा होता, तेव्हाची ही गोष्ट. म्हाताऱ्या कासवाला आता संघातून काढायचं ठरलं होतं. आज पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचलं, तरच ते राहणार होतं.

त्याने चेंडूला जेमतेम बॅट लावली आणि ते चालू लागलं. चेंडू चुन्याच्या रेघेबाहेर पडला.

"फाऊल! हा फटका धरत नाहीत! आजोबा, फिरा मागे!" समोरच्या संघातलं माकड नाचतच ओरडलं. सगळे हसत बसले. चेंडू उचलायला कुणी गेलंच नाही.

"मागे फिरायचं म्हणजे पुन्हा तेवढंच चालणं आलं," कासव पुटपुटलं आणि तसंच पुढे सरकत राहिलं.

तिकडे चेंडू उतारावरून रेंगाळत वळला आणि रेघेवर येऊन थांबला. माकड धावलं, तोवर कासव बेसवर टेकलं होतं.

"पण पडला तर बाहेरच ना!" माकड भांडू लागलं.

पंच म्हशीने थकलेला सुस्कारा सोडला. "बाळा, बेसच्या अलीकडे चेंडू कुठे पडला ते बघत नाहीत, कुठे थांबला ते बघतात. रेघ आतलीच धरतात. बाहेर होता तेव्हाच उचलला असतास, तर फाऊल होता. तू नाचत होतास."

कासवाने डोळे मिटले. "म्हसूबाई," ते हळूच म्हणालं, "पुढच्या बेसवर लगेच निघावं लागतं का गं?"