थोरल्याला चूलबंद

हे जे दगड रांगेनं बसलेले दिसतात, त्यांना आमच्या धोंडकोंडात 'पंगत' म्हणतात. समोरासमोर दोन ओळी आणि मधे वाढप्याला फिरायला सोडावी तशी वाट. या टोकाला बारकी दगडं, पोरंटोरं बसावीत तशी. मग जांभ्याचे भोकाभोकांचे तांबडे धोंडे. मग कमरेएवढे काळे कातळ. आणि पार त्या टोकाला, वडीलधारे पाटावर बसतात तसे, अंगाला कंगोरे असलेले उभे खांब. कुणी तासलेले नाहीत, थोरल्याच्या पोटातून ते तसेच निघतात. थोरला म्हणजे हा मागचा डोंगर. नकाशात त्याला वेगळं नाव आहे, पण नकाशा करणारा परगावचा होता.

मागे एक भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आले होते. ते म्हणाले, डोंगराची कड ढासळली, दगड घरंगळत आले आणि पाण्यानं त्यांना असं लावलं. आम्ही म्हटलं, असेल. विद्या आहे, खोटी कशी असेल. जाताना मात्र ते मधल्या वाटेनं गेले नाहीत, शेताच्या कडेकडेनं गेले. का, ते आम्ही विचारलं नाही. पाहुण्याला असलं विचारू नये.

असं सांगतात, की पृथ्वी हे एक घर आहे. आपण राहतो ते त्याचं छप्पर. खाली जांभा, त्याखाली काळा कातळ, मग बोटभर तांबडी माती, मग पुन्हा कातळ. घाटातली दरड बघा, भाकऱ्यांची चवड रचल्यासारखी दिसते. आणि सगळ्यात तळाशी चूल. ती पेटती आहे म्हणून आमचं उन्हाळं ऊन आहे. उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा. फडक्यात तांदूळ बांधून त्यात सोडले, तर गप्पा मारेपर्यंत भात होतो. जुनी माणसं म्हणत, चूल पेटती आहे तोवर डोंगर आपल्या घरात आहे. ज्याच्या घरी चूल पेटलेली, तो उठून दुसऱ्याच्या दारी कशाला जाईल?

तर फार मागे, या गावात रावजी खापरे नावाचा एक बडा शेतकरी होता म्हणे. त्याला गोजा नावाची एकुलती मुलगी, आणि राही नावाची एकच बहीण. नवरा गेल्यावर राही माहेरी परतली आणि बापानं दिलेल्या तुकड्यावर, उन्हाळ्याच्या शेजारी, झोपडी बांधून राहिली. बाप गेला आणि भावाबहिणीत गडग्यावरून वाजलं. दोघांच्या शेतांमधली ती दगडांची बांधणी एका पावसाळ्यात हातभर सरकली होती. कुणी सरकवली हे आत्ताच विचारू नका, त्यावर तेव्हा गावात दोन मतं होती. राही म्हणाली, रावजीनं. रावजी म्हणाला, जमीन सरकली. तेव्हापासून बोलणं बंद. फक्त गोजा रोज आत्याकडे जायची. बारशात तिचं नाव आत्यानंच ठेवलं होतं, आणि आत्यानं ठेवलेलं नाव गडग्यापायी काही पुसलं जात नाही.

गोजाचं लग्न ठरलं. पलीकडच्या कोंडातल्या गावकरानं, म्हणजे तिथल्या मुख्यानं, त्याच साली मुलाच्या लग्नाला घरटी एक माणूस बोलावला होता. रावजीला तेवढं पुरे झालं. त्यानं जाहीर केलं, माझ्या पोरीच्या लग्नाला गावाला चूलबंद. चूलबंद आमंत्रण म्हणजे घरातल्या सगळ्यांनी, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत, जेवायला यायचं आणि त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही. रावजी म्हणाला, त्या दिवशी गावात कुठं धूर दिसला तर माझी मान खाली.

अक्षता वाटायचं काम भागोजी गुरवाकडे होतं. रावजीनं त्याला बजावलं, की आधी देवाला, मग घराघराला, शेवटी थोरल्याला. उन्हाळ्यावरच्या झोपडीला नको. भागोजी म्हणाला, सख्खी आत्या हाय पोरीची. रावजी म्हणाला, तू अक्षता वाट, नाती वाटू नको.

आता थोरल्याला बोलवायची एक रीत होती. त्याच्या कपाळावर, म्हणजे वरच्या कड्याशी, अक्षता ठेवायच्या आणि म्हणायचं, 'थोरल्या, बसल्या जागेवरून अक्षता टाक.' एवढंच. 'ये' म्हणायचं नाही. पण भागोजीनं सकाळपासून दारोदार एकच पाठ म्हटला होता. संध्याकाळी तो धापा टाकत कड्याशी पोचला, दगडावर अक्षता ठेवल्या आणि सवयीनं जीभ चालली, "चूलबंद हाय हां. सगळ्यांनी यायचं. म्हातारंकोतारं कुणी मागं ठेवायचं नाय."

बोलून तो वळला. तेव्हा खालून, पण अगदी खालून, पायांच्याही खालून कुठून तरी, पेटत्या लाकडांवर पाणी ओतल्यासारखा 'चर्र' आवाज आला, असं त्यानं पुढे सांगितलं. त्या वेळी नाही सांगितलं. त्या वेळी तो मनाशी म्हणाला, दगडाला काय कळतंय, आणि उतरायला लागला.

लग्नाच्या सकाळी बायका नवरीच्या न्हाणाला पाणी आणायला उन्हाळ्यावर गेल्या, तर पाणी गार. विहिरीसारखं नुसतं गार नव्हे. मेलेल्या माणसाच्या हाताला हात लागावा तसं. आणि होतं तेही ओसरत चाललेलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि घरी कुणी काही बोललं नाही. शुभकार्याच्या दिवशी असलं बोलत नाहीत.

मुहूर्त दुपारचा होता. स्वयंपाक झाला तसा आचाऱ्यांनी मांडवामागचा चुलीचा चर विझवला, कारण वारा होता. गावात एकही चूल पेटलेली नव्हती. रावजी मांडवाच्या दारातून छपरांकडे बघून मिशीत हसत होता.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडू लागल्या. आणि म्हणे अक्षतांबरोबर डोक्यावर काहीतरी जड लागायला लागलं. आधी लोक हसले, कुणीतरी चावट पाहुणा खडी टाकतोय म्हणाले. मग नवरीच्या केसांत चमकणारे कण दिसले. गारगोटीचा चुरा होता. थोरल्याची पोरंटोरं पुढे धावत आली होती. दरड कोसळते तेव्हाही असंच होतं, मोठ्या दगडाआधी बारकी खडी येते. डोंगराच्या घरातही पोरांना धीर नसतो.

अंतरपाट दूर झाला, ताशा थांबला, आणि सगळे जेवायला वळले. शेतात पत्रावळी मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येक पत्रावळीमागं दगड बसला होता.

येताना कुणी पाहिले नाहीत. आवाज नाही, धूळ नाही. दगड नजरेसमोर हलत नाही, असं सांगतात. पापणी लवते तेवढ्यात काय हलायचं ते हलतो. एक वाढपी पानात मीठ वाढायला वाकला आणि सरळ झाला, तर समोरचा काळा कातळ वीतभर पुढे आलेला. त्यानं मिठाचं पातेलं तिथंच ठेवलं आणि पाठ न फिरवता, मागे मागे चालत मांडवात गेला. ओळ वाढतच होती.

रावजी अडाणी असेल, पण यजमान होता. पाहुणा पानावर बसला की त्याला वाढायचं, मग तो कुणी का असेना. त्यानं वाढायला लावलं. भात वाढला, वरण वाढलं. वाढपी पातेलं घेऊन पुढच्या पानावर गेला की मागच्या पानावर भात नसे. तिथं ओली तांबडी माती असे, कातळाच्या थरांमधे असते तशी.

तेवढ्यात मांडवावर सावली पडली. भर दुपार, आभाळात ढग नाही. सगळ्यांनी वर पाहिलं. थोरल्याच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत काळी रेघ उमटली होती, आणि रेघेखालची झाडं, सगळीच्या सगळी, नमस्काराला वाकावीत तशी गावाकडे वाकली होती. घरातलं वडील माणूस सगळ्यांच्या मागून, सावकाश येतं. थोरला निघाला होता.

तेव्हा भागोजी रडत रावजीच्या पायांशी बसला आणि आपण वर काय बोलून आलो ते त्यानं सांगितलं. रावजीनं त्याला बाजूला सारलं, डोंगराकडे हात जोडले आणि म्हणाला, पावलो, आता माघारी जावा. रेघ आणखी रुंदावली. भागोजी म्हणाला, "चूल इझवून आलेलं माणूस थंड घरात माघारी कशाला जाईल? त्यांच्या घरात इस्तव न्यायला पायजे."

पण विस्तव आणायचा कुठून? घरोघरच्या चुलींत पांढरी राख. आचाऱ्यांचा चर उकरला, त्यात पाणी ओतलेलं. मग चकमक काढली. पोलादावर गारगोटी घासून घासून लोकांची बोटं सोलली, पण ठिणगी पडेना. गारगोट्याही त्या दिवशी पाहुण्या होत्या. पाहुणा काम करत नाही.

आणि मग कुणीतरी बोट दाखवलं. उन्हाळ्याच्या बाजूला धुराचं एक बारीक सूत वर चढत होतं. साऱ्या गावात एकच चूल पेटती होती, जिला आमंत्रण नव्हतं.

राही आधीच निघाली होती. सकाळी पाणी गार लागलं तेव्हाच तिनं ओळखलं होतं, असं म्हणतात. हातात खापर, त्यात निखारे. ती मांडवाच्या कडेला येऊन थांबली, आत आली नाही.

"रावज्या," ती म्हणाली, "डोंगराला चूलबंद, आन् बहिणीला सुपारीबी नाय?"

रावजीनं मान खाली घातली. मग म्हणाला, "चुकलो गो. गडगा मीच सरकवला. आत ये तू, तुझ्याच—"

"गप." तिनं खापर छातीशी धरलं. "मला ये म्हणू नको. तू बोलावलंस आन् मी आले, तर माजीबी चूल बंद झाली. हा इस्तव इथंच इझल."

तो खापरातले निखारे बघत राहिला. खरंच, त्याच्या त्या अर्ध्या शब्दानंच एक निखारा काळा पडला होता. इतकी वर्षं त्यानं तिला बोलावलं नव्हतं, कारण त्याला बोलवायचं नव्हतं. आता बोलवायचं होतं आणि बोलवता येत नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं आणि तसाच उभा राहिला.

गोजा मुंडावळ्यांसकट धावत आली. आत्याच्या पदराला धरून म्हणाली, मी येते तुझ्याबरोबर. आत्यानं पदर सोडवून घेतला.

"तुला दुसरी चूल सांभाळायची हाय," ती म्हणाली. "आन् ऐक, तिथं पाहुणा कितीबी मोठा असूं दे, त्याची चूल इझवायला सांगू नको कधी."

उन्हाळ्याचं पाणी आटलं होतं, आणि एरवी पाण्याखाली असणारी कातळातली कपार उघडी पडली होती. वाकून एक माणूस आत जाईल एवढी. राही त्यात शिरली. निखाऱ्यांचा उजेड कातळाच्या एकेका थरावरून खाली खाली जाताना वरून दिसत होता. मग दिसेनासा झाला.

बराच वेळ काही झालं नाही. वर झाडं आणखी वाकली. एक धोंडा मांडवाच्या खांबाला येऊन टेकला. मग पायांखाली काहीतरी गुरगुरलं, ओलं लाकूड पेट घेताना करतं तसं, आणि कपारीतून वाफ आली. वाफेमागून पाणी आलं, उकळतं. मांडवावरची सावली हळूहळू मागं सरली. थोरला होता तिथं थांबला. कपाळावरची ती रेघ आणि खालची उघडी, गवत न धरणारी दरड तुम्हाला इथूनही दिसेल. जे पाहुणे पानावर बसले होते ते मात्र उठले नाहीत. त्यांचं जेवण अर्धं राहिलं होतं, आणि वाढायला पुन्हा कुणी गेलं नाही.

राही परत आली नाही. कपारीच्या तोंडाशी उकळतं पाणी होतं म्हणून, असं काही जण सांगतात. दुसरे सांगतात, की चूल पेटवायला घटका लागते, पण ती राखायला माणूस लागतं.

गोजा सासरी गेली. रावजीनं आपल्या हातानं गडगा होता तिथं नेऊन बांधला, एकेक दगड उचलून, आणि प्रत्येक दगड उचलण्याआधी म्हणे तो त्याची क्षमा मागायचा. दर भाऊबीजेला उन्हाळ्यावर लाकडाची मोळी ठेवायचा आणि मुकाट परतायचा. सकाळी मोळी नसायची.

पुढे तो म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला. गोजा उशाशी बसलेली. जीव जात नव्हता. एका दुपारी तो दाराकडे बघून हसला, चेहरा लहान पोरासारखा झाला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "राही, ये—"

उन्हाळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका किंचाळून मागं सरल्या. पाणी गार पडत होतं. इकडे या शेतात पंगतीतल्या दगडांखालची माती कुरकुरली. गोजानं बापाच्या तोंडावर तळवा ठेवला आणि तो दाबून धरला, श्वास थांबेपर्यंत. असं सांगतात, की तिला विचारणारं गावात कुणी नव्हतं. पाण्यातून पुन्हा वाफ आल्यावरच तिनं हात काढला.

आजही धोंडकोंडात चूलबंद आमंत्रण कुणी देत नाही. लग्नाच्या अक्षता देताना आम्ही म्हणतो, 'या, पण एक चूल राखून या.' घरातलं एक माणूस मागे राहतं आणि त्याचं पान घरी पोचतं करतात. आजही भाऊबीजेला प्रत्येक घरचा भाऊ उन्हाळ्यावर मोळी ठेवतो. आणि आजही या गावात कुणी मुलीचं नाव राही ठेवत नाही. नाव घ्यायला हरकत नाही, मी मघापासून घेतोच आहे. हाक मारायला आहे. आया तिन्हीसांजेला पोरींना जेवायला बोलावतात, तेव्हा अंगणातून खालपर्यंत ऐकू जातं.

हल्ली शहरात हे नाव पुन्हा ठेवायला लागलेत असं ऐकतो. तुमच्यात कुणी त्या नावाची असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. ती तिकडे पाण्याशी रेंगाळली आणि तुम्हाला निघायची घाई झाली, तर जवळ जा, हाताला धरा आणि घेऊन या. इथून हाक मारू नका.