सोनबाचा खांदा

एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. तिथे सोनबा नावाचा नावाडी राहत होता. पंचक्रोशीत त्याच्यासारखं वल्हं मारणारा कोणी नव्हता. एकदा पुरात वाहत आलेला ओंडका काठावर ओढताना त्याच्या उजव्या खांद्यात जोराची कळ आली आणि हात वर होईना.

सोनबाची बायको ठकू त्याला हाडवैद्याकडे घेऊन गेली. वैद्यांनी खांदा चाचपून पाहिला.

"हाड शाबूत आहे," ते म्हणाले, "पण मांस हाडाला धरून ठेवणारी दोरी उसवली आहे."

"कसली दोरी?" सोनबाने विचारलं.

"अरे, मांसाच्या प्रत्येक धाग्यावर पातळ पापुद्रा असतो. असे सगळे पापुद्रे टोकाला एकवटतात आणि त्यांची पांढरी, चिवट दोरी होते. ती हाडात रुजलेली असते. जोर मांस लावतं, पण तो हाडापर्यंत पोचवते ती दोरीच. मांसाला रक्त भरपूर, ते लवकर भरून येतं. दोरीला रक्त कमी, तिला वेळ लागतो."

"मग मी नुसता पडून राहू?"

"तेही नको. पडून राहिलास तर दोरी आणखी कमजोर होईल. दुखणं उतरलं की रिकामी नाव काठाकाठाने वल्हव. मग एक माणूस घे, मग दोन. मी सांगेपर्यंत भरली नाव धारेत घालू नकोस."

सोनबाने काही दिवस ऐकलं. पण दूधभाकरी खाऊन आणि जोर काढून त्याचा दंड बघता बघता पूर्वीसारखा फुगला. दुखणंही थांबलं. रिकामी नाव काठाने नेताना पोरं हसायची, "सोनबाकाका, नावेला फिरायला नेता का?" ते त्याला फार लागायचं.

अशात नवरीला घेऊन एक वऱ्हाड घाटावर आलं. गोरज मुहूर्त पैलतीरी होता आणि दुसरा नावाडी परगावी गेला होता.

"सोनबा, काढ नाव," पाटील म्हणाले.

"पाटील, वैद्यांनी अजून नको म्हटलंय."

"अरे, दंड बघ तुझा! लोखंड आहे लोखंड!"

सोनबाने दंडाकडे पाहिलं. त्यालाही ते पटलं. ठकू "अहो, नका" म्हणेपर्यंत त्याने नाव पाण्यात लोटली होती.

निम्मी नदी सुखरूप पार झाली. मग धार लागली. सोनबाने दोन्ही वल्ह्यांवर सगळा जोर टाकला, तोच खांद्यात काहीतरी तटकन तुटलं. उजवा हात लुळा पडला, वल्हं सुटलं. नाव गर्रकन फिरली आणि खडकांच्या दिशेने वाहू लागली. बायका किंचाळल्या.

तेवढ्यात नवरीने शालू खोचला आणि झेपावून वल्हं धरलं. ती नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या कोळ्याची लेक होती.

"काका, डावं तुम्ही मारा, उजवं माझ्याकडे!"

खडक हातभर अंतरावरून गेले. नाव खूप खाली जाऊन कशीबशी काठाला लागली. मुहूर्त टळला होता, पण माणसं वाचली होती. सोनबा मान खाली घालून वाळूत बसला. नवरी त्याच्याजवळ आली.

"काका, दुखत होतं तर सांगायचं ना?"

"दुखत नव्हतं गं," सोनबा म्हणाला. "म्हणून तर फसलो."

दुसऱ्या दिवशी तो वैद्यांकडे गेला. त्यांनी रागवायचं टाळलं. खांदा बांधून ते एवढंच म्हणाले, "आता पहिल्यापासून. आणि या वेळी जास्त दिवस लागतील."

सोनबा पुन्हा रिकामी नाव घेऊन काठाने फिरू लागला. पोरं हसली की तोही हसायचा. एक माणूस, मग दोन माणसं, असं करत हिवाळा सरला. उन्हाळ्यात पाटील बाजाराला जायला घाटावर आले. बरोबर दहा माणसं आणि धान्याची पोती होती.

"सोनबा, आता तर खांदा बरा झाला ना?"

"बरा होतोय, पाटील. आज चौघांना नेतो, पोती राहू देत."

पाटलांच्या कपाळाला आठी पडली. घाटावरचे लोक बघत होते. सोनबाने नाव सरळ धरली आणि म्हणाला, "पहिले चौघे कोण, ते ठरवा."

त्या दिवशी त्याने तीन फेऱ्या केल्या, मध्ये विसावा घेत. ऊन कलायच्या आत सगळे पैलतीरी पोचले. पुढच्या पावसाळ्यात वैद्य स्वतःच त्याच्या भरल्या नावेत बसून नदीपार गेले.

तात्पर्य: फुगलेला दंड डोळ्यांना दिसतो, त्याला हाडाशी बांधणारी दोरी दिसत नाही, म्हणून अंगाला जोडणाऱ्या गोष्टींना भरून यायला त्यांचा वेळ द्यावा.